नोंदीखालचा कंस

आमच्या सरांच्या खांद्यांवर कायम दोन पिशव्या असायच्या. दोन्ही कापडी, दोन्ही खाकी, मळलेल्याही सारख्याच. उजव्या खांद्यावर अकाउंटन्सी, डाव्या खांद्यावर मानसशास्त्र. "एकीत हिशेब आहे, एकीत माणूस आहे. दोघांना एका पिशवीत घातलं की भांडतात," असं ते म्हणायचे. आम्ही हसलो की फळ्याकडे वळून पुटपुटायचे, "शिकवायचं मात्र एकत्रच आहे, काय करणार."

ते राहायचे पारोळ्याला. सकाळी एसटीने जळगावला येऊन आम्हाला शिकवायचं, साडेअकराची गाडी धरून धुळ्याला जायचं, तिथल्या एका कॉलेजात दुपारचे तास घ्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा पारोळा. पंचेचाळिशी उलटलेली, एम.कॉम. झालेलं, त्यावर मानसशास्त्रात एम.ए. झालेलं आणि नोकरी तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यांचेच पैसे, आणि दर सत्राला पुन्हा नव्याने ठेवतात की नाही याची वाट बघायची. कुणी त्यावरून कीव केली की म्हणायचे, "नेमणूक हंगामी आहे. मी हंगामी नाही."

दुसरी पदवी कशाला घेतली, याची ते एक गोष्ट सांगायचे. एम.कॉम. झाल्यावर ते एका कापडदुकानात हिशेब लिहायला होते. तिथला मालक रोज संध्याकाळी रोकड मोजायचा, ती पैशापैशाने जुळायची, आणि मग तो डोळे पुसायचा. "रोकड जुळली तर माणूस रडतो का? हे एम.कॉम.च्या एकाही पुस्तकात सापडेना. म्हणून गेलो पलीकडच्या इमारतीत." मग सापडलं का सर, असं आम्ही विचारायचो. "नाही. पण शोधणारे पुष्कळ जण आहेत एवढं कळलं."

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला एक जोडविषय घ्यावा लागतो. अकाउंटिंग आणि फायनान्स घेतलेली मुलं जोडीला ई-कॉमर्स घेतात, नाहीतर जीएसटी. मानसशास्त्र कोण घेणार? पण सरांनी प्राचार्यांच्या मागे लागून लागून तो पर्याय यादीत घालून घेतला होता. अट एकच, वीस मुलं झाली तर वर्ग चालेल. प्रवेशाच्या दिवशी सर स्वतः टेबल टाकून बसले होते आणि समोर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'हिशेबाच्या जोडीला मानसशास्त्र घ्या. गणित लागत नाही. मन लागतं.'

मी ई-कॉमर्सच्या रांगेत होते. रांग पार जिन्यापर्यंत गेलेली आणि माझी पाचोऱ्याची गाडी सुटायला पाऊण तास उरलेला. सर उठून माझ्यापाशी आले. "बेटा, हातात रेल्वेचा पास आहे आणि डोळे घड्याळात आहेत. आमच्या रांगेत गर्दी नाही." मी बघितलं, खरंच तिथे कुणी नव्हतं. गाडी चुकू नये म्हणून मी मानसशास्त्र घेतलं. माझं नाव लिहून झाल्यावर सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुठ्ठा उलटा ठेवला आणि म्हणाले, "झाले वीस." पुढे जे घडलं ते आठवताना मला हे आधी आठवतं. वर्ग पुरा करणारी विसावी मी होते.

आम्हा वीस जणांची वेगळी तुकडी झाली आणि तिला हिशेब आणि मानसशास्त्र, दोन्ही सरच शिकवायचे. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे एकेक तमाशा होता. एकदा त्यांची हिशेबाची पिशवी एसटीत राहिली आणि कंडक्टरबरोबर परस्पर धुळ्याला गेली. त्या दिवशी बँक जुळवणी पत्रक शिकवायचं होतं, म्हणजे आपल्या वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जमत नसेल तर ती का जमत नाही ते शोधायचं. दुसऱ्या पिशवीत दाढीचा आरसा होता, मानसशास्त्राच्या प्रयोगासाठी आणलेला. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती, साहित्य सर घरूनच आणायचे. त्यांनी एकेकाला पुढे बोलावलं, कागदावर चांदणी काढून दिली, कागद पुठ्ठ्याआड धरला आणि आरशात बघून चांदणी गिरवायला सांगितली. हात उजवीकडे न्यावा तर तो भलतीकडेच जायचा. सगळ्यांच्या चांदण्यांची भजी झाली. वर्ग हसून हसून लोळत होता, तेव्हा सर म्हणाले, "पासबुक म्हणजे आरशातली तुमची वही. तुमच्याकडे जे नावे, ते बँकेकडे जमा. दोघंही खरं बोलतात, फक्त समोरासमोर उभे आहेत. आता नवराबायकोचं भांडण आणि बँकेची जुळवणी यांत फरक सांगा." फरक कुणाला सांगता आला नाही. त्या पत्रकात मात्र त्या वर्षी आमच्यातलं कुणी नापास झालं नाही.

पण सरांचा खरा जीव होता कंसात. रोजकीर्दीत नोंद करताना कोणतं खातं नावे, कोणतं जमा, आकडा किती, एवढं लिहिलं की खाली कंसात एका ओळीचं स्पष्टीकरण द्यायचं असतं. (रोखीने माल घेतल्याबद्दल.) (दुकानाचे भाडे दिल्याबद्दल.) पुस्तकात असंच छापलेलं असतं आणि परीक्षेत कंसाला कुणी धड अर्धा गुणही देत नाही, म्हणून मुलं तो खातात. सर पेपर हातात घेतला की आधी कंस वाचायचे. "नोंद मशीनसुद्धा करतं. कंस माणसालाच लिहावा लागतो."

त्यांना कंसात खरं कारण लागायचं. गणितात असायचं, 'मालकाने घरखर्चासाठी रोख उचलली.' आम्ही लिहायचो, (घरखर्चासाठी उचल केल्याबद्दल). सर विचारायचे, कोणता घरखर्च? कुणी मागितला? मागताना आवाज कसा होता? एकाने वैतागून लिहिलं, (बायको माहेरी जाईन म्हणाल्याबद्दल). आम्हाला वाटलं सर चिडतील. त्यांनी ती वही वर धरली आणि म्हणाले, "याला धंदा कळला."

कुणीतरी एकदा लिहिलं, (भाडे देणेबाबत). सरांनी खडू खाली ठेवला. "बाबत कागदाची असते बेटा. रजा मिळणेबाबत, दाखला मिळणेबाबत. त्यात कुणाचं काही जात नाही. बद्दल म्हटलं की कुणीतरी कुणासाठी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर कुणाचं काहीतरी बिघडवलेलं असतं. हिशेबात बद्दलच लिहायचं." मराठीच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, असा काही नियम नाही. नसेल. पण आम्ही वीस जण सगळीकडे बद्दल लिहायला लागलो. एका पठ्ठ्याने रजेच्या अर्जावर 'विषय : पोट दुखल्याबद्दल' असं लिहून दिलं आणि ऑफिसातले क्लार्क आठवडाभर त्याला कंस म्हणून हाक मारत होते.

सरांचं सगळंच चांगलं होतं असं नाही. ते भरकटायचे. घसाऱ्यावरून, म्हणजे यंत्र झिजण्याच्या हिशेबावरून, सुरू झालेला तास म्हातारपणावर जायचा आणि तिथून परत यायचा नाही. सत्र संपत आलं तरी दोन प्रकरणं हमखास राहिलेली असायची. शिवाय समोरच्याला काय विचारावं, काय विचारू नये, याची त्यांना पोच नव्हती. डबा कुणी केला, ते जेवले का, तू विचारलंस का, असं भर व्हरांड्यात विचारायचे. त्यात वाईट हेतू नसायचा. तरी कधीकधी नको व्हायचं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात त्यांनी घरी करायला एक नोंद दिली. तुमच्या घरातली या महिन्याची कोणतीही एक नोंद करा, आकडा लिहू नका, तो माझ्या कामाचा नाही, फक्त कंस खरा लिहा.

आता आमच्या घरचं सांगायला हवं. माझे वडील, आप्पा, पाचोऱ्याच्या एका मारवाडी पेढीवर दिवाणजी होते. सत्तावीस वर्षं त्यांनी तिथल्या वह्या लिहिल्या. रोज सकाळी साडेनऊला पांढरा शर्ट, डबा, छत्री, आणि संध्याकाळी सातला परत. त्या हिवाळ्यात एकदा माझे तास झाले नाहीत म्हणून मी अकराच्या गाडीने परत आले, तर फलाटाच्या पार टोकाच्या बाकावर आप्पा बसलेले. शेजारी डबा, मांडीवर वर्तमानपत्र. ते वाचत नव्हते. मी पुलावरून पलीकडे उतरले आणि मागच्या रस्त्याने घरी आले. त्याच आठवड्यात पासबुक भरून आणायला आईने मला बँकेत पाठवलं. तिथे दिसलं की तीन महिने आप्पा आपली मुदत ठेव मोडून त्यातले पैसे पगार म्हणून आईच्या हातात देत होते. पेढीवर कॉम्प्युटर आला होता आणि शेठजींचा नातू सगळं त्यावर करत होता. वह्या बंद, आप्पाही बंद.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच सांगितलं. तिने पोळपाटावरची नजर उचलली नाही. "माले माहीत शे. तू काही बोलू नको. त्यासले डबा लई जाऊ दे."

म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं. आणि ती रोज तीन पोळ्या, भाजी आणि वर लोणच्याची फोड असा डबा भरून देत होती, तोही घाईघाईने, त्यांना उशीर होऊ नये म्हणून.

सरांच्या गृहपाठात मी ती नोंद लिहिली. घरखर्च खाते नावे, मुदत ठेव खाते जमा. खाली कंस केला: (आप्पांची नोकरी गेल्याचं आम्हाला माहीत नाही, असं आप्पांना वाटू दिल्याबद्दल). लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. असं वाटलं की हे समजणारा एकच माणूस आहे आणि त्याच्याच हातात ही वही जाणार आहे.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते हातात एकच वही घेऊन. पिशव्या खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "वीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "असा कंस वाचला नव्हता." आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. नाव घेतलं नाही. मला वाटतं, नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असंच त्यांना वाटत असणार. मन शिकवणारा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही की वीस जणांच्या वर्गात पाचोऱ्याच्या दोघीच होत्या, आणि दुसरीचे वडील शिक्षक होते.

ती दुसरी माझ्याच गल्लीत राहायची. वाईट नव्हती, पोटात काही राहायचं नाही एवढंच. तिने घरी सांगितलं. स्टेशनच्या बाकावर आप्पा गल्लीतल्या कुणाकुणाला दिसलेच होते, आता त्याचं कारण कळलं. तीन दिवसांनी आप्पा डबा घेऊन निघाले तर कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "आप्पा, आज टेशनवर लवकर निंघनात?" आप्पा तिथूनच मागे फिरले. डबा ओट्यावर ठेवला, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मला काही विचारलं नाही, आईला काही विचारलं नाही. बारा दिवस आमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. आई ताट आत नेऊन ठेवायची आणि अर्धंअधिक तसंच परत आणायची.

मी कॉलेजला गेले नाही. घरात बसून आप्पांच्या पाठीकडे बघत राहिले आणि मला सरांचा इतका संताप आला की काय सांगू. चौथ्या दिवशी मी अर्ज लिहायला घेतला.

खरं कारण मला लिहिता येत नव्हतं. ते लिहायचं म्हणजे आप्पांना पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं करायचं. मग मी दुसरं कारण शोधलं. अभ्यासक्रम पुरा होत नाही, तासाला विषय सोडून चर्चा होते, विद्यार्थ्यांना खासगी प्रश्न विचारले जातात, परीक्षा तोंडावर आली आहे. एकही वाक्य खोटं नव्हतं. अर्ज टाइप केला, खाली 'वर्गातील सर्व विद्यार्थी' असं घातलं, आणि रविवारी जळगावला जाऊन होस्टेलवरच्या पोरापोरींच्या सह्या घेतल्या. परीक्षेची भीती सगळ्यांनाच होती. सह्या पटापट झाल्या. माझी सही मी बरोबर मधोमध केली, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. सोमवारी अर्ज ऑफिसात दिला.

आठवड्याने मी वर्गात गेले. सर नेहमीसारखे आले. पिशव्या ठेवल्या, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'विषय : अभ्यासक्रम अपूर्ण ठेवल्याबद्दल.'

माझ्या अर्जाचा विषय होता तो, अक्षर न अक्षर.

"प्राचार्यांनी मला एक अर्ज दाखवला," सर म्हणाले. "चांगला लिहिला आहे. भाषा स्वच्छ आहे, मुद्दे बरोबर आहेत. एक चूक आहे तेवढी सांगतो, पुढे नोकरीत उपयोगी पडेल." त्यांनी 'बद्दल' हातानेच पुसलं आणि तिथे लिहिलं: अपूर्ण असणेबाबत. "अर्जात बाबत लिहितात. बद्दल नाही लिहीत." मग हात झटकला. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. माझ्याकडे तर नाहीच.

सगळ्या जळगाव जिल्ह्यात अर्जाच्या विषयात बद्दल लिहिणारे आम्ही वीसच जण होतो, आणि अख्ख्या पानाचं मराठी सरळ लिहिणारी त्यांत मी एकटी. त्यांना कळलं होतं. त्या क्षणी मला शरम वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. कळू दे, म्हटलं.

नंतरचे नऊ दिवस सरांनी साडेअकराची गाडी धरली नाही. दुपारी दोन-दोनपर्यंत थांबून त्यांनी राहिलेली दोन्ही प्रकरणं शिकवली. एकदाही भरकटले नाहीत. एक विनोद केला नाही, कुणाला डब्याचं विचारलं नाही. पुस्तक उघडायचं, पुस्तकातलं सांगायचं, मिटायचं. त्यांचा एवढा नीट तास मी कधी पाहिला नव्हता आणि इतका कंटाळवाणाही. धुळ्याचे त्यांचे तास बुडत होते आणि त्या तासांचे पैसेही. आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, धुळ्याचं काय?" सर म्हणाले, "अभ्यासक्रम पुरा करायचाय ना?" शेवटच्या दिवशी पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "झालं का बठ्ठं, सगळंच्या सगळं? आता अर्ज रद्द समजायला हरकत नाही." आणि हसले.

अर्ज रद्द झाला नाही. पुढच्या सत्रात त्यांना तासिका मिळाल्या नाहीत. कुणी काढलं नाही, काही नाही. फक्त यादीत नाव आलं नाही. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही. मानसशास्त्र शिकवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जोडविषय बंद झाला आणि आम्हा वीस जणांना ई-कॉमर्समध्ये घातलं. बुडालेल्या तासांमुळे धुळ्याचंही गेलं, असं नंतर कानावर आलं. तो पुठ्ठा, मन लागतं लिहिलेला, स्टाफरूमच्या कपाटावर पडलेला मी पाहिला होता. त्यावर कुणीतरी झेरॉक्सचे गठ्ठे ठेवले होते.

आप्पा तेराव्या दिवशी उठले. आंघोळ करून आमच्याबरोबर जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "मन्ही नोकरी गयी." जणू कालच गेली. आई म्हणाली, "जाऊ द्या. दुसरी लागी." एवढंच. पुढे महिन्याभरात एका खताच्या दुकानात त्यांना हिशेबाचं काम मिळालं आणि आमच्या घरात पुन्हा डब्याची घाई सुरू झाली. आप्पा अचानक कसे उठले हे मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, राग आपोआप ओसरला असेल.

पदवी झाली आणि मला धुळ्यात एका सीएंच्या ऑफिसात काम लागलं. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी पेढ्यांची दोन खोकी आणली. एक देवाला, आणि एक माझ्या हातात. "हे तुझ्या सरांना दे. धुळ्यात असतात ना ते?"

"कोणते सर?"

"दोन पिशव्यावाले."

आप्पांनी सरांना कधी पाहिल्याचं मला माहीत नव्हतं. मग आप्पांनी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा एका रविवारी दुपारी सर पाचोऱ्याला घरी आले होते. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीकडून त्यांना सगळं कळलं होतं. आई दळणाला गेलेली. मी जळगावला. सर आतल्या खोलीत येऊन जमिनीवर बसले. "म्हणे, आप्पा, तुमच्या घरची गोष्ट मी वर्गात वाचली. नाव घेतलं नाही, पण वाचली. चूक मन्ही शे. पोरीवर रागावू नका, तिने ती फक्त मला सांगितली होती."

"मग?"

"मग काय. बसून राहिला. उठेच ना. शेवटी मीच उठून त्याला पाणी दिलं. चार दिवसांत पहिल्यांदा उठलो होतो मी. मग त्याने विचारलं, जुन्या वह्यांत तुम्ही कारण कसं लिहायचे? मी सांगत बसलो. दोन तास सांगितलं त्याला. तो लिहून घेत होता. जाताना म्हणाला, मी आलो होतो हे पोरीला सांगू नका. तिला माझा राग आलाय, तो पुरता येऊ द्या. अर्धा राहिला तर तिलाच त्रास होईल."

तो रविवार कोणता, हे मला आप्पांना विचारावं लागलं नाही. त्या रविवारी मी होस्टेलच्या जिन्यावर बसून सह्या घेत होते.

आप्पांना मी अर्जाचं सांगितलं नाही. पेढ्यांचं खोकं घेतलं आणि धुळ्याला आले. सर मिळाले नाहीत म्हणून ते ऑफिसात वाटून टाकलं. आप्पांनी फोनवर विचारलं, "दिले का पेढे?" मी म्हटलं, "दिले."

ऑफिसात माझं काम व्हाउचर तपासायचं. कॉम्प्युटरवर प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरणाची एक रिकामी चौकट येते. कुणी ती भरत नाही, सगळे पुढची कळ दाबतात. मीही दाबते. दिवसाला दोनशे नोंदी असल्या की कुठे कारण लिहीत बसणार? पण ती चौकट आली की क्षणभर बोट थांबतं.

सर मला भेटले ते मागच्या महिन्यात, धुळ्याच्या बसस्टँडवर, संध्याकाळी. पारोळ्याच्या फलाटाशी उभे होते. केस बरेच पांढरे झाले होते. मी आधी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. एकच पिशवी होती. उजव्या खांद्यावरची.

मी मागच्या मागे निघून गेले असते. पण त्यांनीच हाक मारली, "अरे, पाचोरा!" मी पाया पडले. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहितो म्हणाले. रोजचं येणं-जाणं तेच, फक्त जळगाव सुटलं. "तिथे कंस लिहायचा नसतो. डिझेल किती आणि टोल किती." हसले. मग त्यांनी विचारलं, "आप्पा कसे आहेत? जेवतात ना तुमच्याबरोबर?"

"हो सर. चांगले आहेत. खताच्या दुकानात जातात."

"वा," ते म्हणाले आणि खरोखर त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे बठ्ठं बराबर शे ना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. अर्ज, होस्टेलचा जिना, पेढे. गाडी अजून लागली नव्हती, वेळ भरपूर होता. सरही काही घाईत नव्हते, माझ्याकडे बघत उभे होते, वर्गात एखाद्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचे तसे. इतका वेळ ते कुणासाठी उगाच थांबत नसत.

मी म्हटलं, "हो सर. बठ्ठं बराबर."

त्यांनी मान हलवली. गाडी लागली, गर्दी झाली, ते चढले. खिडकीतून हात केला, मीही केला.

त्या दिवसापासून मनात एकच वाक्य घोळतंय. फार मोठं नाही, त्यांनी शिकवलं तसं एका ओळीचंच आहे. स्टँडवर ते म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तो अर्ज मी लिहिला होता, सर. अभ्यासक्रमाबाबत नव्हता तो. आप्पांबद्दल होता.